अहोंनी काय खाल्लं?

आमच्या बिल्डिंगचे जिने पुसणाऱ्या बाईंना सगळे लख्खमावशी म्हणतात. खरं नाव मलाही माहीत नाही. मी सगळ्या बिल्डिंगच्या चौकशा करणारी बाई, माझीच ही कथा, तर बाकीच्यांचं सोडाच. "मावशी, झालं का पुसून?" असं कुणी विचारलं की त्या मान वर न करता म्हणतात, "लख्ख!" आणि पुढच्या पायरीकडे सरकतात. त्यावर एक शब्द जास्त नाही. म्हणून लख्खमावशी.

मी शिवणकाम करते. वरच्या मजल्यावर खिडकीशी माझं मशीन आहे आणि खिडकीतून मागचं अंगण दिसतं. पाण्याची टाकी, मोरी, कचऱ्याचे डबे आणि तळमजल्याला मीटरच्या खोलीला लागून असलेली मावशींची एक खोली. दिवसभर सुईत डोळे घालून बसायचं म्हटल्यावर माणूस अधूनमधून खाली बघणारच. तोंडाची मी फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात माझी कात्री कापते त्यापेक्षा माझी जीभ जास्त कापते. म्हणोत बापडे.

मावशींचे यजमान होते तेव्हा बिल्डिंगचा पंप तेच चालू-बंद करायचे आणि फाटकाशी बसायचे. मावशींनी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. "अहो, पाणी सोडलंत का?" "अहो, जेवायला चला." "अहो, पाय उचला, फरशी ओली आहे." दिवसभर जिन्यात हे 'अहो' घुमत असायचं. आम्हाला ते पंपाच्या आवाजासारखं झालं होतं, असतंच म्हणून कुणी लक्ष द्यायचं नाही. यजमान गेले आणि ते बंद झालं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जिना किती मोठा आहे आणि किती रिकामा.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो, "बरं, ठेवतो" म्हणतो. वाईट नाही हो पोरगा, पण त्याचा फोन सुरू व्हायच्या आत संपतो. मावशींना बोलायला माणूस उरलं नाही, तेव्हा त्या आणखी पुसायला लागल्या. सकाळी पुसलेला जिना दुपारी परत. रेलिंग, दाराच्या कड्या, मीटरवरची धूळ. फिनेलचा वास चोवीस तास. माझ्याकडे कपडे टाकायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "तुमची बिल्डिंग आहे की दवाखाना?"

मग तो बोका आला. पिवळा, दांडगा, एका कानाचा तुकडा उडालेला. कुठून आला ते त्याचं त्याला माहीत. मी मावशींना उशांचे अभ्रे द्यायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दार उघडं होतं. हे साहेब सरळ आत आले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि उडी मारून खुर्चीत बसले. यजमानांच्या खुर्चीत. तिच्यावर तेव्हापासून कुणी बसलं नव्हतं. मावशी पोचाऱ्याची काठी उगारून धावल्या आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, उठा तिथून!"

आणि त्या काठी धरून तशाच उभ्या राहिल्या. मी अभ्रे घेऊन उभी. बोका मात्र पाय पोटाशी घेऊन मजेत डोळे मिटून बसला.

तेव्हापासून त्याचं नाव अहो. मावशींनी ठेवलं असं नाही, ते पडलं. बोक्याला अहो-जाहो करणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. "अहो जेवले नाहीत आज." "अहोंना ऊन लागतंय, दार लोटून घेते." कोपऱ्यावरचा दुकानदार मला हळूच विचारतो कसा, "मावशींनी या वयात दुसरं केलं की काय? म्हणतात, अहोंना मासळी लागते." मी म्हटलं, केलं तर केलं, तुमच्या पोटात का दुखतंय? दिवसभर जिन्यात परत 'अहो' ऐकू येऊ लागलं. मशीनवर बसल्या बसल्या मला फार बरं वाटायचं, उगाच का खोटं बोलू.

बिल्डिंगमध्ये अहोंचा एकच वैरी. शिट्टीकाका. शाळेत खेळाचे मास्तर होते, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. एकटेच राहतात. अहोंनी त्यांच्या स्कूटरच्या सीटला नख्या लावून आतला स्पंज बाहेर काढला होता. त्या दिवशी काका अंगणात उभं राहून इतक्या जोरात शिट्टी वाजवत होते की पलीकडच्या गल्लीतली माणसं बाहेर आली. "पुन्हा दिसला तर बघतो त्याला!" असा दमही भरला होता. हा दम मी लक्षात ठेवला होता. माझ्या लक्षात राहतं सगळं.

आता त्या दुपारचं सांगते. मी एका कोटाचं अस्तर लावत होते. खाली बघितलं तर अहो टाकीच्या मागे कागदावरचं काहीतरी खात होते. गपागपा चाललं होतं. कागद चाटूनपुसून झाला, आणि थोड्या वेळाने मोरीपाशी येऊन त्यांनी भडाभडा उलटी केली. मांजरं करतात उलट्या, मी काही मनावर घेतलं नाही. मावशी आल्याच बादली घेऊन. त्यांना घाण दिसली की त्यांचा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. टाकीमागचा कागद उचलला, पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. फाटकाशी कचरागाडी उभीच होती, पिशवी गेली गाडीत. उलटीवर फिनेलची बाटली सरळ उपडी केली. पाण्यात कालवण्याइतका धीर कुठला! खराट्याने खसाखसा घासलं, वरून थोडं पाणी मारलं. अंगण चकाचक. अहो त्या ओल्या फरशीवरून सावकाश चालत गेले, उन्हात बसले आणि एकेक पंजा चाटायला लागले. मी वरून म्हटलंसुद्धा, "मावशी, बोका अगदी मालकिणीवर गेलाय हो, बघा कसा अंग पुसतोय!" मावशी वर बघून हसल्या. त्या हसलेल्या मी फार वेळा पाहिलेल्या नाहीत.

कोटाचं अस्तर संपत आलं तेव्हा दारावर थाप पडली. मावशी. इतक्या वर्षांत त्या माझ्या दारात कामाशिवाय कधी आल्या नव्हत्या. पायऱ्यांपर्यंतच त्यांची हद्द, असं त्यांनीच ठरवून टाकलेलं.

"ताई," म्हणाल्या, "अहोंना काहीतरी होतंय."

मी तशीच गळ्यात टेप घेऊन खाली गेले. अहो खुर्चीखाली होते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, उभं राहायला गेले की मागचे पाय सरकत होते. मावशींनी वाटीत मीठ-पाणी कालवून ठेवलेलं. शेजारी दूध, तेसुद्धा तयार. "बाहेर काहीबाही खाल्लंय ना त्यांनी. ओकून पडलं की मोकळे होतील. तुम्ही जबडा धरा, मी ओतते."

मी धरलाही असता. पण माझ्या एका गिऱ्हाइकाकडे मांजर आहे, ती कुठल्याशा प्राण्यांच्या दवाखान्यात जाते, हे आठवलं. तिच्याकडून नंबर घेतला आणि लावला. पलीकडून एक मुलगी बोलली. मी म्हटलं, मीठ-पाणी देतोय. ती जवळजवळ ओरडलीच. "काहीही पाजू नका! मीठ नको, दूध नको, तेल नको. गुंगीत असेल तर ते पोटाऐवजी फुप्फुसात जाईल. आणि उलटी तर मुळीच काढायची नाही, काही गोष्टी वर येताना घसा परत भाजतात. काय खाल्लंय त्याने?"

"माहीत नाही. अंगणात काहीतरी पडलं होतं."

"मग उरलेलं असेल ते आणा. कागद, पिशवी, उलटीतला थोडा नमुना, जे सापडेल ते डब्यात घाला. कधी खाल्लं ते सांगा. आणि आत्ता निघा, वाट बघत बसू नका."

मी फोन ठेवला. "मावशी, नमुना आणा म्हणतायत."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "मी पुसलं," म्हणाल्या.

"सगळं?"

त्यांचे ओठ हलले. अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "लख्ख."

तो शब्द मी हजार वेळा ऐकलाय. असा कधीच नाही.

मग माझं डोकं फिरलं. मी जिन्यात उभी राहून शिट्टीकाकांच्या नावाने असा काही शंख केला की सगळ्या मजल्यांची दारं उघडली. "या खाली! काय घातलंत मुक्या जनावराला? लाज नाही वाटत? सीट फाडली म्हणून जीव घेणार का?" काका बनियनवर धावत आले. गळ्यात शिट्टी होतीच.

"अंडं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"उकडलेलं अंडं. पिवळं काढून, बारीक करून घालतो मी रोज टाकीमागे. रोज खातो तो." त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्ही कुणाला सांगू नका म्हणजे झालं. सीट फाडलीय त्याने, माझंही काही म्हणणं आहे की नाही! पण एकट्याने जेवताना तो खिडकीखाली येऊन बसतो, मग घास उतरत नाही."

"त्यात काय मिसळलंत?"

"अहो बाई, उरलेलं मी खाल्लं! मी मेलोय का?"

नमुना म्हणून ते डब्यात आणखी एक अंडं घेऊन आले. मी मनातल्या मनात जीभ चावली, पण माफी मागायला वेळ नव्हता. अहोंना टोपलीत घातलं. मावशी टोपली मांडीवर धरून काकांच्या स्कूटरवर मागे बसल्या, त्याच फाटक्या सीटवर. मी मागून चालत, धापा टाकत. दवाखाना फार लांब नव्हता, तरी मी पोचले तेव्हा माझ्या गळ्यातली टेप कुठेतरी पडली होती.

टेबलाशी तीच फोनवरची मुलगी बसलेली. मावशींना विचारत होती, "पेशंटचं नाव?" मावशी टोपलीकडे बघत राहिल्या. खाली मान. शेवटी मीच पुढे झाले. "अहो."

"हो, बोला ना."

"अहो. नाव आहे ते."

"अहो बाई, मी तुमचं नाही, पेशंटचं नाव विचारतेय."

"मग तेच तर सांगतेय! अहो बाई नाही, नुसतं अहो. बोका आहे."

काकांनी तोंडावर हात ठेवला. मलाही हसू फुटत होतं, घाबरलं की फुटतंच. मावशींकडे बघितलं आणि ते जिरलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, केस वर बांधलेले, हात चपळ. तिने आधी अंडं बघितलं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. "हे नाही. याने असं होत नाही." मग अहोंचं तोंड उघडून जीभ बघितली. जीभ कडेने लालभडक झाली होती, भाजल्यासारखी. मग तिने त्यांचा पुढचा पंजा उचलला आणि नाकाशी नेला. दुसरा उचलला. मागचे दोन्ही उचलले.

"घरात फरशी कशाने पुसता?" तिने विचारलं.

आम्हा सगळ्यांच्या आधी मावशींना कळलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"फिनेल," त्या म्हणाल्या. "आज पाणी नव्हतं घातलं. तसंच ओतलं."

डॉक्टरने रागाने काही म्हटलं नाही. म्हणाली, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. पायाला लागतं, मग पाय चाटून ते पोटात जातं. उलटी बहुतेक अंडं भसाभस खाल्ल्याने झाली असेल, त्याने काही बिघडलं नव्हतं. पंजे साबणाच्या पाण्याने धुऊन काढू, सलाईन लावू, आज इथेच ठेवू. "मीठ-पाणी पाजलं नाहीत ते फार चांगलं केलंत," असंही म्हणाली. ते बहुधा मला होतं, पण मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

बाहेरच्या बाकावर मावशी आपले हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत बसल्या. बोटांची कातडी फिनेलने पांढरी पडलेली आहे, वर्षानुवर्षांची. मी शेजारी बसले. पलीकडे एक नवरा-बायको पोपटाचा पिंजरा घेऊन बसले होते.

"मी पुसायला घेतलं की घरातलं माणूस जातं, ताई," मावशी म्हणाल्या.

"काहीतरीच काय बोलता!"

"खरं सांगते. ते दवाखान्यात होते ना. डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. मी म्हटलं, दवाखान्यातून माणूस येणार, खोली स्वच्छ हवी. त्यांना म्हटलंसुद्धा नाही की जाऊन येते. झोपले होते. घरी आले, फरशी पुसली, परत पुसली, खुर्ची धुतली. हात ओले होते तेव्हाच निरोप आला." त्यांनी हात पदराला पुसले. "हाक मारायची राहिली माझी. आणि मग लोक येणार म्हणून मी त्यांचा सदरापण धुऊन टाकला. त्यांचा वास होता गं त्याला. साबण लावून धुतला मी तो."

त्या मला कधी 'गं' म्हणाल्या नव्हत्या. मी नुसता त्यांचा हात धरला. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आतून डॉक्टरने बोलावलं. अहोंचे पंजे धुऊन झाले होते, पायाला सुई टोचून नळी लावलेली. डोळे अर्धे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. "तुम्ही हाक मारा जरा याला," डॉक्टर म्हणाली. "ओळखीच्या आवाजाला काही करतो का बघू."

मावशी लाजल्या. हो, लाजल्या. परक्या माणसांसमोर, काकांसमोर, त्या मुलीसमोर 'अहो' म्हणायचं! त्यांनी पदर सारखा केला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्याने," डॉक्टर म्हणाली.

"अहो."

काही नाही.

मग मावशींनी श्वास घेतला आणि अशी हाक मारली की सगळा दवाखाना दणाणला. "अहो!" जिन्याच्या तळापासून पंपाच्या खोलीपर्यंत पोचायची तशी. बाहेर पोपटवाला नवरा दचकून म्हणाला, "काय गं?" त्याची बायको म्हणाली, "मी नाही बोलावलं." आणि टेबलावर अहोंचा तो तुटका कान हलला. आधी कान, मग शेपटीचं टोक. मावशी वाकल्या, त्यांच्या डोक्याला गाल लावला आणि ढसाढसा रडल्या. यजमान गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा त्या भांडी घासत होत्या.

अहो घरी आले ते बारीक होऊन. थोडे दिवस मऊ काहीतरी चाटून खायचे, जीभ बरी होईपर्यंत. अंडं आता शिट्टीकाका उघडपणे आणून देतात, दारात, बशीतून. टाकीमागे काही ठेवायचं नाही असं मीच सगळ्यांना बजावलंय, आणि मी बजावलं की लोक ऐकतात. काकांची माफीही मागितली. ते म्हणाले, "राहू द्या हो." मग मी त्यांच्या सीटला नवीन कव्हर शिवून दिलं. अहोंनी तेही फाडलं.

फिनेल मावशींच्या खोलीतून, जिन्यातून आणि अंगणातून गेलं. तिथे साधं साबणाचं पाणी. वरच्या मजल्यावरच्या काही जणांनी कुरकुर केली, वास आला नाही तर पुसल्यासारखं वाटत नाही म्हणे. मी म्हटलं, हवा असेल तर तुमच्या रुमालावर शिंपडून देते. तेव्हापासून गप्प आहेत.

पण खरा बदल वेगळाच झालाय. मावशी अंगण पुसायला घेताना अहोंना आधी खोलीत कोंडतात. पुसून झालं की बादली बाजूला ठेवून आपल्या दाराबाहेरच्या पायरीवर बसतात, फरशी कोरडी होईपर्यंत. रिकाम्या हातांनी बसलेल्या मावशी आम्ही कुणी पाहिल्या नव्हत्या. येणारे-जाणारे विचारतात, "मावशी, झालं का पुसून?" त्या म्हणतात, "वाळतंय." लख्ख हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही. आतून अहो दारावर पंजे मारतात. मावशी दाराकडे तोंड करून म्हणतात, "अहो, थांबा की. वाळू द्या जरा." आणि मग बोलत राहतात. पोराचा फोन आला होता. पंपाचा आवाज बरा नाही. वरची शिवणताई खोकतेय. असंच काहीबाही, दाराला पाठ टेकून.

मी तेव्हा मशीन थांबवते. मला 'अहो' म्हणायला कधी कुणी मिळालं नाही. त्याचं दुःख करत बसायचा माझा स्वभाव नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

काल दुपारी अंगणात कडक ऊन होतं. फरशी केव्हाच वाळून पांढरी झाली होती. टाकीचं पाणीसुद्धा तापलं असेल. मावशी अजून पायरीवरच, दाराशी डोकं लावून बोलत होत्या. आत अहोंची हाकाटी. माझ्याने राहवेना. खिडकीतून ओरडले, "मावशी, वाळलं की हो कधीच! सोडा त्यांना बाहेर!"

मावशींनी वर बघितलं. डोळ्यांवर उन्हासाठी हात धरला.

"माहितीय," म्हणाल्या. "त्यांच्याशी बोलायचं राहिलंय थोडं."